लोह साचते तशी जोखीम वाढते
थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बोन मॅरो प्रत्यारोपण : कोणाला, केव्हा आणि किती खात्रीने?

दर दोन ते चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी, रोज शरीरातले लोह बाहेर काढणारे औषध आणि ठरावीक काळाने तपासण्या. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचे बालपण या तीन गोष्टींभोवती फिरते. अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, रक्त चढवायला आलेल्या पालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : बोन मॅरो केले की मूल कायमचे बरे होते म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे. थॅलेसेमिया मुळापासून बरा करण्याचा, सर्वाधिक अनुभव गाठीशी असलेला उपचार आजही हाच आहे. मात्र त्यात यश किती मिळेल, याचे उत्तर सगळ्या मुलांसाठी एक नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ते वेगळे असते आणि बारा वर्षांच्या, यकृत वाढलेल्या मुलासाठी वेगळे. डॉक्टर ज्याला ‘हाय रिस्क’ म्हणतात तो शिक्का मुलाच्या जनुकांवर मारलेला नसतो. तो वर्षावर्षाने, रक्ताच्या पिशव्यांमागून तयार होत जातो. म्हणूनच तो बराचसा टाळता येतो आणि काही प्रमाणात पुसताही येतो.

रक्तासोबत येणारे लोह

आई आणि वडील दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. मायनर व्यक्तीला काही त्रास होत नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी भरते. मेजर मुलात मात्र हिमोग्लोबिनचा ‘बीटा’ हा घटक तयार होत नाही किंवा अगदी थोडा होतो. अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने लाल पेशी बनवते, पण त्यातल्या बहुतेक तिथेच मरतात. मूल सहा महिन्यांचे ते दोन वर्षांचे होईपर्यंत पांढरेफटक पडते, खात नाही, वजन धरत नाही. तिथून रक्त चढवणे सुरू होते.

रक्ताने मूल जगते, वाढते, शाळेत जाते. पण रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते आणि शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. नियमित रक्त घेणाऱ्या २० किलो वजनाच्या मुलाला वर्षाकाठी साधारण दोन ते चार ग्रॅम लोह मिळते. निरोगी प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात मिळून लोह असते तीन ते चार ग्रॅम! म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वाट्याचे लोह या लहानग्या देहात वर्षा-दीड वर्षात जमा होते.

हे लोह आधी यकृतात साचते, पुढे हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत. ते काढण्यासाठी औषधे आहेत. एकेकाळी रात्रभर पोटावर पंप लावून डेस्फेरॉलचे इंजेक्शन घ्यावे लागे. १९९०च्या दशकात सिप्ला कंपनीने केल्फर ही गोळी भारतात आणली. नंतर पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स आले. औषधे सोपी झाली, पण ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मूल वरून ठणठणीत दिसत असते, त्यामुळे एखादा महिना गोळी मिळाली नाही, कधी उलटी झाली म्हणून थांबवली, तर घरात कोणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. यकृत मात्र त्या प्रत्येक महिन्याची नोंद ठेवते.

पेसारोचे तीन प्रश्न

थॅलेसेमियासाठी पहिली दोन प्रत्यारोपणे डिसेंबर १९८१ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने झाली. पहिले अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. ई. डोनल थॉमस यांच्या पथकाने केले. ते मूल दीड वर्षाच्याही आतले होते आणि ते बरे झाले. दुसरे इटलीतील पेसारो या गावी डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांनी केले. तो रुग्ण १४ वर्षांचा होता आणि तोवर त्याला सुमारे १५० वेळा रक्त चढवले गेले होते. त्याच्या शरीराने नवी मज्जा नाकारली आणि थॅलेसेमिया परतला. पुढच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचे सार या दोन रुग्णांत आधीच दिसत होते. प्रत्यारोपणाच्या क्षेत्रातील कामासाठी थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लुकारेल्ली थांबले नाहीत. शेकडो मुलांवर प्रत्यारोपण केल्यावर त्यांच्या लक्षात आले की निकाल तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. यकृत फासळ्यांखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढले आहे का? यकृतात तंतुमय व्रण, म्हणजे फायब्रोसिस आहे का? लोह काढण्याची औषधे अनियमित घेतली गेली आहेत का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर मूल पहिल्या वर्गात, एक किंवा दोन ‘हो’ असतील तर दुसऱ्या आणि तिन्ही ‘हो’ असतील तर तिसऱ्या वर्गात.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकडेवारीत फरक स्वच्छ दिसतो. पहिल्या वर्गातील शंभरपैकी सुमारे ९४ मुले तीन वर्षांनंतर जिवंत आणि थॅलेसेमियामुक्त होती. दुसऱ्या वर्गात जिवंत राहण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते, तर तिसऱ्या वर्गात ते साधारण ६१ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्गात आजारातून मुक्त झालेली मुले जेमतेम निम्मी होती. आजार तोच, दाता सख्खा भाऊ किंवा बहीण, उपचार करणारे पथकही तेच. फरक होता तो मूल कोणत्या अवस्थेत तिथे पोहोचले याचा.

वेल्लोरचा अनुभव

भारतात थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाची सुरुवात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ मध्ये झाली. डॉ. मॅमेन चांडी यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या केंद्राकडे देशभरातून मुले येत गेली. त्यांतली बरीच उशिरा येत. कुठे पुरेसे रक्त मिळालेले नसे, कुठे लोहाची औषधे परवडलेली नसत. पेसारोच्या मोजपट्टीने पाहिले तर यातली पुष्कळ मुले एकाच, तिसऱ्या वर्गात जमा होत. पण त्या वर्गातही काही बरी व्हायची, काही दगावायची. असे का?

वेल्लोरच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि २००७ मध्ये तिसऱ्या वर्गाचीच आणखी एक विभागणी मांडली. वय सात वर्षे किंवा अधिक आणि यकृत पाच सेंटिमीटर किंवा अधिक वाढलेले, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर धोका सर्वाधिक. ही मोजपट्टी भारतासाठी मोलाची ठरली, कारण तिला यकृताचा तुकडा काढून तपासण्याची गरज नाही. डॉक्टरचा हात, मोजपट्टी आणि जन्मतारीख एवढ्यावर अंदाज बांधता येतो.

या मुलांना वाचवायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. जुनी मज्जा काढून टाकण्यासाठी बुसल्फान हे तीव्र औषध वापरले जाई. लोहाने आधीच पोळलेले यकृत ते सहन करू शकत नसे. यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडत, पोटात पाणी होई, कावीळ वाढे. वेल्लोरच्या पथकाने त्याऐवजी ट्रिओसल्फान हे यकृताला तुलनेने सौम्य असलेले औषध वापरले. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निकालांनुसार, सर्वाधिक धोक्याच्या गटात जुन्या पद्धतीने सुमारे ३९ टक्के मुले वाचत होती. नव्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांपर्यंत गेले. आजारातून मुक्त होऊन जगणाऱ्यांचे प्रमाणही सुमारे ३२ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

इटलीतही वेगळ्या वाटेने हेच साधले होते. तिथे प्रत्यारोपणाच्या सुमारे दीड महिना आधीपासून औषधे आणि भरपूर रक्त देऊन अतिसक्रिय मज्जेला शांत केले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांत तिसऱ्या वर्गातील १७ वर्षांखालील मुलांमध्ये मज्जा नाकारली जाण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले.

हे आकडे आशा वाढवणारे आहेत, पण ते पूर्ण वाचायला हवेत. ८७ टक्के मुले वाचतात याचा अर्थ शंभरातली तेरा वाचत नाहीत. शिवाय हे निकाल मोठा अनुभव असलेल्या केंद्रांतले, पूर्ण जुळणाऱ्या नात्यातल्या दात्याचे आहेत. अर्धे जुळणारे आईवडील दाते असतील तेव्हा गुंतागुंत वाढते. म्हणून केंद्र निवडताना पालकांनी थेट विचारावे : आमच्या मुलासारख्या अवस्थेतली किती मुले तुमच्याकडे आली आणि त्यांचे काय झाले?

शस्त्रक्रिया नव्हे

अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणे होतात, त्यामुळे ‘प्रत्यारोपण’ म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. मज्जेच्या प्रत्यारोपणात मुलाच्या अंगावर कुठेही चिरा दिला जात नाही. आधी साधारण आठवडाभर औषधांनी जुनी मज्जा नष्ट करतात. मग दात्याची मज्जा रक्ताच्या पिशवीसारखी शिरेतून दिली जाते. तिच्यातील मूळपेशी आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन रुजतात. त्याला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत मुलाच्या अंगात रोगप्रतिकारक पेशी जवळपास नसतात. साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

पुढे आणखी दोन धोके असतात. एक, मुलाच्या शरीराने नवी मज्जा नाकारणे. दुसरा उलटा, म्हणजे नव्या मज्जेतील पेशींनी मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करणे. डॉक्टर त्याला ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. म्हणून पहिले तीन महिने केंद्राच्या जवळच राहावे लागते, आणि लहानपणीच्या लसी पुढे पुन्हा घ्याव्या लागतात.

दाता भावंड लहान असले तरी चालते. भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात आणि ती काही आठवड्यांत भरून येते. दात्याचा रक्तगट वेगळा असला तरी अडत नाही, जुळावा लागतो तो ‘एचएलए’. प्रत्यारोपणानंतर मुलाचा रक्तगटच दात्याचा होतो. भावंड स्वतः थॅलेसेमिया मायनर असेल तरी दाता होऊ शकते. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने काही घरांत भावंडांची तपासणीच होत नाही.

वऱ्हाडातल्या घरापुढचे हिशेब

एका सख्ख्या भावंडाचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ही तपासणी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावरही होते. दाता मिळावा म्हणून आणखी एका अपत्याचा विचार काही दांपत्ये करतात. ते मूल मेजर नसणे आणि एचएलए जुळणे हे दोन्ही साधण्याची शक्यता सोळात तीन इतकीच असते, आणि गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करून घ्यावीच लागते.

दुसरा हिशेब पैशाचा. पूर्ण जुळणाऱ्या दात्याकडून प्रत्यारोपणाचा खर्च साधारण १० ते १५ लाख रुपयांच्या घरात जातो, अर्धा जुळणारा दाता असेल तर त्याहून बराच जास्त. केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि कोल इंडिया यांची ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ २०१७ पासून सुरू आहे. तीत पात्र मुलांच्या प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत थेट रुग्णालयाला मिळते. तिला वयाची, उत्पन्नाची आणि जुळणाऱ्या दात्याची अट आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतूनही बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी अर्ज करता येतो. मुंबई महापालिकेचे बोरिवली पूर्वेचे बालरक्तविकार व प्रत्यारोपण केंद्र हे राज्यातल्या सामान्य कुटुंबांसाठी महत्त्वाचे ठिकाण आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश असल्याने त्याचे प्रमाणपत्रही काढून ठेवावे.

पैशाइतकाच मोठा हिशेब दिवसांचा. बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते, पण तिथे आईवडिलांपैकी एकाला तीन-चार महिने राहावे लागते. ऐन पेरणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमजुराच्या घरातून एक माणूस कमी होणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. अनेक घरांत निर्णय पुढे ढकलला जातो तो याच कारणाने. आणि ढकललेले प्रत्येक वर्ष मुलाच्या यकृतात जमा होते.

गावी परतल्यावरही पथ्य असते. ओल्या टट्ट्यांच्या कूलरमध्ये बुरशी वाढते, ती नुकते प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या फुप्फुसांना घातक ठरू शकते. धान्याची, कपाशीची धूळ, बांधकामाची माती, उघड्यावरचे पाणी यांपासूनही काही महिने जपावे लागते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा म्हणणे सोपे नाही. त्यामुळे घरी परतण्याचा हंगामही डॉक्टरांशी बोलून ठरवलेला बरा.

आणखी एक चूक सहज टाळता येते. प्रेमापोटी वडील किंवा काका आपलेच रक्त मुलाला द्या म्हणतात. ज्या मुलाचे पुढे प्रत्यारोपण होऊ शकते, त्याला जवळच्या नातलगांचे रक्त थेट देऊ नये. त्याचे शरीर नातलगांच्या पेशींविरुद्ध आधीच सजग होते आणि मग त्याच घरातली मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. नातलगांनी रक्तपेढीत जरूर दान करावे, मुलाला मात्र दुसऱ्याचे रक्त मिळावे.

उशीर झाला असेल तर?

मूल नऊ-दहा वर्षांचे झाले, यकृत हाताला लागते, फेरिटिन कित्येक हजारांवर आहे. अशा मुलाचे दार बंद झालेले नसते. आज अनेक केंद्रे लगेच प्रत्यारोपण करत नाहीत. आधी काही महिने नियमित रक्त देऊन हिमोग्लोबिन खाली जाऊ देत नाहीत, लोह काढणारी औषधे वाढवतात, गरज पडल्यास दोन औषधे एकत्र देतात. यकृताचा आकार कमी झाला की मगच पुढे जातात. या काळात शिस्त पाळणे हाच मुलाची जोखीम कमी करण्याचा पालकांच्या हातातला सर्वांत मोठा मार्ग आहे.

आणि दाता नसेल, किंवा धोका पत्करण्याची तयारी नसेल, तर प्रत्यारोपण न करण्याचा निर्णयही चुकीचा ठरत नाही. सुरक्षित रक्त आणि नियमित औषधे मिळालेले रुग्ण शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, चाळिशी-पन्नाशी ओलांडतात. जनुक उपचारालाही ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, पण त्याची किंमत आज २० लाख डॉलरच्या वर आहे. तो आवाक्यात येईपर्यंत शरीर सुस्थितीत ठेवायचे, तर त्यासाठीही लोह काढण्याला पर्याय नाही.

बरे झाल्यानंतरचे काम

प्रत्यारोपण यशस्वी झाले की नवे रक्त आपले आपण तयार होऊ लागते. पण आधीच्या वर्षांत साठलेले लोह तसेच राहते. ते काढण्याचा एक उपाय पेसारोच्याच डॉक्टरांनी रूढ केला : दर दोन आठवड्यांनी मुलाचे थोडे रक्त काढून टाकायचे. शरीर ते भरून काढताना साठ्यातले लोह वापरते. ज्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवले, त्याचेच रक्त काढताना पाहून पालक गोंधळतात, पण यकृताला सावरायला त्याची मदत होते.

प्रत्यारोपणाच्या औषधांचा पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. त्याविषयी आधीच विचारावे. बरे झालेले मूल पुढच्या पिढीला दोषी जनुक देऊ शकते, कारण बदलते ती मज्जा, शरीराच्या इतर पेशी नाहीत. लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी त्यामुळे आवश्यकच राहते.

तपासणी कोणती, हेही पाहा

विदर्भात सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते, मेळघाटातही होते. तिथे प्राथमिक चाचणी म्हणून वापरली जाणारी ‘सोल्युबिलिटी’ चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते. ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे थॅलेसेमिया मायनर नाही, असा अर्थ होत नाही. एक जोडीदार सिकलवाहक आणि दुसरा थॅलेसेमिया मायनर असेल, तर मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. मायनर ओळखण्यासाठी ‘एचपीएलसी’ किंवा तत्सम चाचणीत हिमोग्लोबिन ‘ए-टू’ किती आहे ते पाहावे लागते. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, एकदाच केली तरी पुरते.

ज्या घरात मेजर मूल आहे त्यांनी मात्र तीन गोष्टी पुढच्या रक्ताच्या तारखेलाच कराव्यात. मुलाच्या यकृताची मोजणी आणि ताजे फेरिटिन वहीत लिहून घ्यावे. सख्ख्या भावंडांच्या एचएलए तपासणीविषयी विचारावे. आणि मूल अजून सात वर्षांचे झाले नसेल, तर प्रत्यारोपण केंद्राचा पहिला सल्ला याच वर्षी घ्यावा. सल्ला घेतला म्हणून प्रत्यारोपण करावेच लागते असे नाही, पण निवड करण्याची संधी हातात असताना ती करता येते.